वाकडा कणा आणि कर्माचा हिशेब

स्कोलिओसिस म्हणजे पाठीच्या कण्याला एका बाजूला आलेला बाक. मागून पाहताना मानेपासून माकडहाडापर्यंत सरळ रेषेत असायला हवा तो कणा या विकारात डावीकडे किंवा उजवीकडे झुकतो आणि झुकता झुकता स्वतःभोवती पिळतोही. पोक आणि स्कोलिओसिस यांतला फरक या पिळात आहे. पोक निघालेली पाठ फक्त पुढे वाकते. स्कोलिओसिसमध्ये मणके फिरतात, त्यांना जोडलेल्या बरगड्या त्यांच्याबरोबर मागे येतात, एक खांदा वर जातो, कमरेची एक बाजू आत खचते. घरात हे बहुधा उशिरा लक्षात येते, कारण वाढत्या वयातली मुले पाठ उघडी टाकून वावरत नाहीत. मग कधीतरी नवा गणवेश एका बाजूने वर उचललेला दिसतो आणि दोष शिंप्याला दिला जातो.

तपासणी साधी आहे. लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम अॅडम्स यांनी ती १८६५ मध्ये वर्णन केली. मुलीने पावले जुळवायची, गुडघे ताठ ठेवायचे, दोन्ही तळहात एकमेकांना लावून हात खाली सोडायचे आणि कमरेतून पुढे वाकायचे. तपासणाऱ्याने मागे बसून तिच्या पाठीच्या पातळीवर नजर आणायची. उभी असताना जवळपास सरळ वाटणारी पाठ या अवस्थेत एका बाजूला उंच दिसते. त्यानंतर उभ्याने एक्स-रे काढतात. त्यावर बाकाच्या वरच्या टोकाचा सर्वांत कललेला मणका आणि खालच्या टोकाचा तसाच मणका धरून त्यांमधला कोन मोजला जातो. न्यूयॉर्कच्या जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये ही पद्धत मांडली. कोन १० अंश किंवा त्याहून अधिक भरला तरच त्याला स्कोलिओसिस म्हणायचे.

कारणांपाशी आले की वैद्यकशास्त्राचा आवाज बदलतो. काही प्रकारांत कारण स्पष्ट असते. गर्भाच्या पहिल्या सहा आठवड्यांत मणके घडत असताना एखादा मणका अर्धाच घडला, तर बाक जन्मतःच असतो. अशा बाळाची मूत्रपिंडे आणि हृदयही तपासतात, कारण हे अवयव त्याच सुमारास आकार घेत असतात. सेरेब्रल पाल्सी, पोलिओ, ड्यूशेन यांसारख्या विकारांत कण्याला धरून ठेवणारे स्नायू दुबळे किंवा असमान झालेले असतात. मार्फान आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकारांबरोबरही बाक येतो. उतारवयात मणक्यांच्या झिजेमुळे येतो तो वेगळा. हे सगळे मिळून साधारण वीस टक्के रुग्ण. उरलेल्या सुमारे ८० टक्क्यांच्या कागदांवर ‘इडिओपॅथिक’ हा शब्द लिहिलेला असतो. कारण ठाऊक नाही, एवढाच त्याचा अर्थ. यातली बहुतेक मुले १० ते १८ वयाची असतात. या वयोगटातील दोन ते तीन टक्के मुलांमध्ये हा बाक आढळतो. लहान बाक मुलगे आणि मुली यांच्यात जवळपास सारखे असतात, पण उपचार करावे लागतील इतके मोठे बाक मुलींमध्ये कितीतरी पटींनी जास्त. दप्तराचे ओझे, वाकून बसण्याची सवय, एका कुशीवर झोपणे यांनी हा विकार होत नाही, हे मात्र खात्रीने सांगता येते.

‘कारण ठाऊक नाही’ हे वाक्य दवाखान्यात शास्त्रीय असते. घरी पोचेपर्यंत ते तसे राहत नाही. कारण माहीत नाही म्हणजे कारण दुसरीकडे कुठेतरी आहे, असे ऐकणारा धरून चालतो. मग पत्रिका उघडली जाते. साडेसाती, पितृदोष, कुलदैवताचे राहून गेलेले काही, गरोदरपणात पाळले न गेलेले ग्रहण अशी उत्तरांची रांग लागते. या उत्तरांना अंधश्रद्धा म्हणून हातावेगळे करणे सोपे आहे, पण त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न खरा आहे. शेजारच्या मुलीचा कणा सरळ आणि हिचा वाकडा, असे का? भारतीय विचाराने या प्रश्नाला दिलेले सर्वांत मोठे उत्तर म्हणजे कर्म. ते उत्तर नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

धर्मशास्त्रात कर्मविपाक नावाचा एक विषयच आहे. अमुक पापाचे अमुक फळ पुढच्या जन्मी शरीरावर उमटते, अशा याद्या त्यात सापडतात. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातील यादीनुसार सोने चोरणाऱ्याची नखे विद्रूप होतात, दारू पिणाऱ्याचे दात काळे पडतात, घोडा चोरणारा पांगळा होतो. हा अध्याय प्रायश्चित्ताचा आहे आणि यादीचा रोख पाप करू पाहणाऱ्याकडे आहे. लोकव्यवहारात मात्र ती उलटी वाचली गेली. पांगळा दिसला की याने घोडा चोरला असणार, कुबड दिसले की काहीतरी केले असणार. हे उलटे वाचन न्यायशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती नैयायिक मान्य करतात. जिथे अग्नी तिथे धूर, ही मान्य करत नाहीत, आणि त्यासाठी तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचे उदाहरण देतात: अग्नी आहे, धूर नाही. प्रत्येक पापाचे फळ व्याधी असते असे वादापुरते मान्य केले, तरी प्रत्येक व्याधी पापाचे फळ ठरत नाही. गावच्या पारावर बसून दुसऱ्याच्या पाठीवरून त्याचा मागचा जन्म वाचणाऱ्याला स्मृती मदत करत नाही, आणि तर्क तर मुळीच करत नाही.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत हाच विषय वेगळ्या अंगाने येतो. त्यांतले ‘कुब्ज’ म्हणजे आजचा स्कोलिओसिसच असे म्हणता येणार नाही. क्षयाने पोखरलेला मणका, पोक, बाक हे सगळे त्या एका नावाखाली आलेले असणार. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताचे ८० विकार मोजले आहेत आणि कुब्जत्व त्यांपैकी एक आहे. म्हणजे ते आधी शरीराचे प्रकरण ठरते, नंतर इतर कशाचे. शारीरस्थानात तर भरद्वाज थेट आक्षेप घेतात: माणसापासून माणूस जन्मतो, तर आंधळ्या, मुक्या, कुबड्या आईबापांची मुले त्यांच्यासारखी का निघत नाहीत? गुरू आत्रेयांचे उत्तर असे की बीजाचा जो भाग बिघडलेला असेल त्या भागातून घडणाऱ्या अवयवात विकृती येते, तो बिघडलेला नसेल तर येत नाही. गर्भाच्या विकृतींची कारणे सांगताना चरक बीज, पूर्वकर्म, गर्भाशय, काळ आणि आईचा आहारविहार अशी नावे एका दमात घेतो. कर्म तिथे आहे. पण ते एकटे नाही, आणि बाकीच्यांवर सत्ता गाजवणारेही नाही.

सुश्रुताने या यादीतल्या आईच्या वाट्यावर अधिक भर दिला. चौथ्या महिन्यात गर्भाच्या इच्छा आईच्या तोंडून बोलतात आणि त्या डावलल्या तर मूल कुबडे, लुळे, पांगळे, मंद किंवा ठेंगणे निपजते, असे शारीरस्थानात म्हटले आहे. डोहाळे पुरवण्याच्या चालीमागे ही समजूत आहे. मूळ हेतू बरा दिसतो, कारण गरोदर बाईला हवे ते खायला द्या, तिचे मन मोडू नका, हा सासरच्या मंडळींना दिलेला दम आहे. परंतु मूल वाकडे निघाल्यावर हा दम फिरतो आणि बाईवरच येऊन आदळतो. तिने काय खाल्ले, ग्रहणात काय चिरले, कुठे गेली होती, याची चौकशी होते. पुरवायची जबाबदारी घराची होती, हे तोवर सगळे विसरलेले असतात.

या चौकशीला आधुनिक आनुवंशिकीने एक अडचणीचा साक्षीदार मिळवून दिला आहे, तो म्हणजे एकाच बीजाची जुळी. स्कोलिओसिसमध्ये आनुवंशिकतेचा हात मोठा आहे. जपानमधील संशोधकांनी २०११ मध्ये एलबीएक्स-१ या जनुकाच्या जवळचा एक भाग या विकाराशी जोडलेला असल्याचे दाखवले आणि त्यानंतर आणखी जागा सापडत गेल्या. एकसारख्या जुळ्यांत एकीला बाक असेल तर दुसरीला असण्याची शक्यता बरीच जास्त असते. पण नेहमीच असतो असे नाही. बीज एक, गर्भाशय एक, डोहाळे तेच, ग्रहण तेच, पत्रिका जवळजवळ तीच, आणि एकीचा कणा सरळ राहतो. ग्रहणाचा आणि डोहाळ्यांचा दावा इथे कोसळतो. जनुकांचाही पूर्ण दावा टिकत नाही. टिकते ते फक्त कर्म, कारण दोन जीव वेगळे आणि त्यांची संचिते वेगळी, असे म्हणायला नेहमीच जागा असते. कर्माचे उत्तर कशानेच खोटे ठरत नाही. हेच त्याचे बळ, आणि स्पष्टीकरण म्हणून हाच त्याचा दोष. जे कोणत्याही परिस्थितीशी जुळते ते या एका कण्याबद्दल वेगळे काही सांगत नाही.

बौद्ध परंपरेत याबाबत एक नेमका संवाद आहे. संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो: माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, ते बरोबर आहे का? बुद्ध आठ कारणे मोजतो. पित्त, कफ, वात, तिघांचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, शरीराची अयोग्य हाताळणी, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक. सगळेच कर्मामुळे म्हणणारे लोक स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाला ठाऊक असलेल्या गोष्टींच्या पलीकडे धाव घेतात, असे तो सांगतो. कर्म मानणाऱ्या विचारवंताने कर्माला घातलेली इतकी स्पष्ट मर्यादा क्वचितच आढळते.

तरीही कथेला रिकामी जागा सहन होत नाही. कौशांबीच्या उदेन राजाची राणी सामावती हिच्याकडे खुज्जुत्तरा नावाची कुबडी दासी होती. राणीसाठी फुले आणायला जाताना ती बुद्धाचे प्रवचन ऐके आणि परत येऊन राणीला व तिच्या सख्यांना ते जसेच्या तसे सांगे. बहुश्रुत उपासिकांमध्ये तिला पहिले स्थान दिलेले आहे, आणि इतिवुत्तक हा ग्रंथ तिच्या स्मरणातून आला असे परंपरा मानते. एवढ्यावर थांबता आले असते. पण नंतरच्या अट्ठकथेने, म्हणजे टीकाग्रंथाने, तिच्या कुबडालाही कारण शोधलेच: मागच्या एका जन्मी तिने एका कुबड्या प्रत्येकबुद्धाची नक्कल करून हसवले होते म्हणे. कुबड्यांची चेष्टा करू नये, ही शिकवण त्यातून मिळते खरी. मात्र जिला ती शिकवण लागू व्हावी तिच्यावरच गुन्हा ठेवून ती दिलेली आहे.

बायबलच्या परंपरेतही अशीच दोन टोके दिसतात. लेवीय ग्रंथात वेदीपाशी जाऊन अर्पण करण्यास अपात्र ठरणाऱ्या याजकांच्या यादीत कुबड्याचे नाव आहे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. प्रश्नाची ही मांडणी महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात ओळखीची वाटेल.

पुराणांत आणि महाकाव्यांत वाकड्या शरीराचे तीन नमुने ठळक आहेत, आणि तिघांचा न्याय तीन तऱ्हांचा. रामायणातील मंथरा कुबडी आहे आणि कारस्थानी आहे. इथे शरीराचा बाक स्वभावाचा दाखला म्हणून वापरला आहे. ‘ताठ कण्याचा माणूस’ म्हणून गौरव करणारी आणि ‘कणाहीन’ म्हणून हिणवणारी मराठीही तीच चाल चालते.

अष्टावक्राची गोष्ट या चालीला छेद देते. वनपर्वातील कथेत उद्दालकाची मुलगी सुजाता गरोदर असताना तिच्या पोटातले मूल बाप कहोडाच्या वेदपठणातली चूक दाखवते, आणि शिष्यांसमोर अपमान झालेला बाप त्याला आठ ठिकाणी वाकडा होण्याचा शाप देतो. परंपरेतला हा सर्वांत प्रसिद्ध वाकडा देह कुणाच्या पापाने वाकडा झालेला नाही. मुलाने खरे सांगितले आणि बापाला राग आला, एवढेच. पुढे जनकाच्या दरबारात द्वारपाल त्याला अडवतो तो वाकडेपणासाठी नव्हे, वय लहान म्हणून. सभा त्याच्या अंगाला हसली आणि त्याने सभेला फटकारले, हा प्रसिद्ध प्रसंग महाभारतात नाही, तो नंतरच्या सांगण्यातला. दरबारातला पंडित बंदी याला वादात हरवून, त्याने पाण्यात बुडवलेल्या बापाला परत मिळवल्यावर बाप त्याला समंगा नदीत उतरायला सांगतो आणि त्याचे अवयव सरळ होतात. उलट अष्टावक्रगीतेतला अष्टावक्र जनकाला सांगतो की देह म्हणजे तू नव्हेसच. एकाच नावाखाली दोन भूमिका उभ्या आहेत. वाकडेपण दूर करण्यासारखे आहे, ही एक. वाकडे असो वा सरळ, आत्म्याला त्याचे काही नाही, ही दुसरी. परंपरेला यांतली एक निवडण्याची गरज वाटली नाही.

तिसरी कुब्जा. भागवताच्या दशम स्कंधात तिला त्रिवक्रा म्हटले आहे, तीन ठिकाणी वाकलेली. कंसासाठी उटणे घेऊन निघालेली ही दासी ते कृष्णाला देते. कृष्ण तिची पावले आपल्या पायाने दाबून धरतो, दोन बोटे हनुवटीखाली घालतो आणि तिला वर उचलतो. ती सरळ होते. तिने मागच्या जन्मी काय केले होते याची वाच्यता या प्रसंगात होत नाही. अस्थिशल्यचिकित्सकाला यात आपली युक्ती ओळखू येईल, कारण एक टोक स्थिर धरून दुसरे ताणायचे हेच कर्षणाचे तत्त्व आहे. आजही फार मोठा बाक असलेल्या मुलांच्या कवटीला धातूचे कडे बसवून, वजने लावून, शस्त्रक्रियेआधी काही आठवडे कणा हळूहळू ताणतात. गंमत अशी की तिला सरळ करणारा कृष्ण स्वतः मूर्तीत आणि चित्रात उभा राहतो तो त्रिभंगी, मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वाकून. तिथे बाक सौंदर्य आहे, कारण तो घेतलेला आहे. कुब्जेचा बाक तिने घेतलेला नव्हता.

कणा सरळ करण्याची माणसाची खटपट जुनी आहे आणि ती नेहमी शहाणपणाची नव्हती. ग्रीसमध्ये रुग्णाला शिडीला बांधून उंचावरून आदळत. हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथातच या प्रकाराला गर्दी जमवणाऱ्या भोंदूंचा उद्योग म्हटले आहे. फ्रान्सच्या निकोला आंद्री याने १७४१ मध्ये आपल्या ग्रंथात खुंटाला बांधलेल्या वाकड्या झाडाचे चित्र छापले. तेच पुढे अस्थिशल्यशास्त्राचे बोधचिन्ह झाले. अमेरिकेतील ह्यूस्टनला पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओमुळे कणा वाकलेल्या मुलांसाठी धातूची दांडी तयार केली आणि १९६० च्या दशकात ती जगभर पोचली. आज मणक्यांत स्क्रू बसवून दोन दांड्यांनी बाक आणि पीळ दोन्ही कमी करतात, तेवढे मणके कायमचे सांधतात, आणि शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूतून संदेश नीट जात आहेत ना यावर यंत्राने लक्ष ठेवतात.

पण बहुतेक मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही. बाक साधारण २५ अंशांच्या आत असेल तर ठरावीक महिन्यांनी तपासत राहायचे. २५ ते ४० अंश असेल आणि वाढ बाकी असेल तर पट्टा, म्हणजे काखेपासून कमरेखालपर्यंतचे प्लास्टिकचे घट्ट कवच. ४५-५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार. पट्ट्याचा उपयोग होतो की नाही, हा वाद अनेक वर्षे चालला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीने तो बराचसा मिटवला. पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, नुसत्या निरीक्षणाखालील मुलांत ४८ टक्के. दिवसाचे तेरा तास किंवा अधिक पट्टा घालणाऱ्यांत यशाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले. या आकड्यांत दैववादी आणि प्रयत्नवादी दोघांनाही अडचण आहे. निम्म्याच्या आसपास मुले काही न करताही बचावली, आणि पट्टा घालूनही काहींचा बाक वाढला.

दैव आणि पुरुषकार यांची चरकाने विमानस्थानात केलेली मांडणी इथे कामी येते. मागच्या देहाने केलेले कर्म ते दैव, या देहाने करतो ते पुरुषकार. दोन्ही कर्मेच. दुबळे दैव पुरुषकाराने हटते, बलवान दैव पुरुषकाराला हटवते. आणि सगळे आधीच ठरलेले असते तर लोक मंत्र, औषधे, पथ्य कशाला करत बसले असते, पिसाळलेल्या हत्तीच्या वाटेतून बाजूला कशाला झाले असते, असा त्याचा सवाल आहे. दैव किती बलवान आहे हे आधी कळत नाही. म्हणून वैद्याने हात चालवायचा, आणि फळ मनासारखे आले नाही तर रुग्णावर ठपका ठेवायचा नाही. डॉक्टरकडे जाऊनही यश न आलेल्या मुलीला ‘तू पट्टा नीट घातला नसशील’ म्हणणारे नातलग हा दुसरा भाग विसरतात. कर्माचा जुना हिशेब सोडला तरी हिशेबाची सवय सुटत नाही.

‘योगायोग’ हे उत्तर अनेक आईबापांना कर्मापेक्षाही कठोर वाटते. कर्मात निदान एक व्यवस्था असते, आणि अपराध मान्य केला की प्रायश्चित्ताची वाट मोकळी होते. योगायोगाला कोणता नवस फेडायचा? अपराधी वाटून घेणे म्हणजे आपल्या हातात काही होते असे मानणे, आणि हतबल होण्यापेक्षा ते अनेकांना सोसवते. अशा मनाची समजूत केवळ आकडे सांगून पटत नाही. चरकाने चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत: देवपूजा, मंत्र, व्रते यांची दैवव्यपाश्रय, औषध-आहाराची युक्तिव्यपाश्रय, आणि अहितकर विषयांपासून मन आवरण्याची सत्त्वावजय. तिन्ही एकाच यादीत आहेत. एकीने दुसरीला हद्दपार करावे असे तिथे म्हटलेले नाही.

व्यवहारात त्यांच्यात झगडा होतो तो वेळेवरून. उपचार न केलेल्या रुग्णांचा ५० वर्षे मागोवा घेऊन २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयोवातील अभ्यासात दिसले की बहुतेकांनी संसार केले, नोकऱ्या केल्या, इतरांइतकेच जगले; पाठदुखी आणि आपल्या दिसण्याची सल मात्र जास्त होती. त्यामुळे प्रत्येक बाक सरळ झालाच पाहिजे, हा आग्रह शास्त्राचाही नाही. वाढ संपताना ३० अंशांच्या आत असलेला बाक सहसा पुढे सरकत नाही. ५० च्या वर गेलेला प्रौढपणीही वर्षाला अंदाजे एका अंशाने वाढत राहू शकतो आणि छातीतला बाक फारच मोठा झाला तर श्वासाला जागा उरत नाही. या दोन टोकांमधले बरेच काही पाळी सुरू होण्याच्या आगेमागे, उंची झपाट्याने वाढते त्या काळात ठरते. पाळी आल्यावर साधारण दोन वर्षांत मुलीची वाढ जवळजवळ पूर्ण होते आणि मग पट्ट्याला करण्यासारखे काही उरत नाही. नवस पट्टा घातलेल्या मुलीच्या नावानेही बोलता येतो आणि तो फेडायला वयाची अट नसते. पट्ट्याला असते.